सुरो गेनीसाठी पाचशे माणसं

गलुहनं पाक मुर्योनोंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, पुस्तकांचा एक डोंगर आपणहून मोटारसायकल चालवत प्रकाशनाच्या गल्लीत शिरतो आहे. डोंगराला पुढून दिवा होता, मागून धूर होता आणि शिखरावर काळी मखमली टोपी होती. कोंबड्या पळाल्या, दोन मांजरं भिंतीवर चढली, समोरच्या सोटोवाल्या बाईनं रश्श्याचं पातेलं पोटाशी धरलं. डोंगर दारापाशी येऊन थांबला. इंजिन बंद झालं, तरी थरथर चालूच राहिली. मग गलुहच्या लक्षात आलं की थरथरतंय ते इंजिन नाही, वर बसलेला माणूस आहे.

त्या माणसाचा खाली उतरण्याचा कार्यक्रम, गलुह पुढे शपथेवर सांगायची, पाऊण तास चालला. एक पाय जमिनीला लागला तेव्हा त्यानं पार्किंगवाल्याच्या पोराच्या परीक्षेची चौकशी केली. दुसरा पाय लागेपर्यंत सोटोवालीचा डावा गुडघा, तिच्या नवऱ्याचा दमा आणि तिच्या माहेरच्या म्हशीचं बाळंतपण एवढे विषय झाले होते. जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात लोक एवढ्या वेळात लग्न लावून मोकळे होतात. शेवटी तो दारात आला, टोपी सारखी केली आणि ताई म्हणावं तसं तिला म्बाक म्हणत विचारलं,

"जेवलीस का, म्बाक?"

सकाळचे साडेनऊ वाजले होते. "हो पाक, जेवले," गलुह म्हणाली. असं विचारल्यावर असंच म्हणायचं असतं.

"तोंड हो म्हणालं," तो म्हणाला, "पण हात पोटावर गेला." आणि त्यानं पिशवीतून तळलेल्या टोळांची बरणी काढून तिच्या टेबलावर ठेवली. "घे. गुनुंगकिदुलचे आहेत. पाय काढलेले आहेत, घशात अडकणार नाहीत."

हे पाक मुर्योनो, पाक म्हणजे तिकडचं काका. वय अडुसष्ट. गुनुंगकिदुल जिल्ह्यात वोनोसारीच्या पुढे, जिथे जमिनीत मातीपेक्षा चुनखडी जास्त, तिथले राहणारे. चौतीस वर्षं सरकारी नोकरीत गावोगाव फिरून गाईंना कृत्रिम रेतन करायचं त्यांचं काम होतं. खांद्यापर्यंत हातमोजा, मागे बर्फाची पेटी आणि पेटीच्या खाली स्वतः लिहिलेल्या कादंबऱ्या. त्या भागात अशी एक पिढी आहे, जिला घरात वासरू कधी आलं आणि पुस्तक कधी आलं ते एकाच तारखेनं सांगता येतं.

कादंबरीचं नाव 'विवराचा राखणदार'. नायक सुरो गेनी. छाती फळ्यासारखी, मिशी कोयत्यासारखी, आणि अक्कल, पाक मुर्योनो स्वतःच कबूल करत, गरजेपुरती. पहिल्या भागात त्यानं सतरा दरोडेखोर लोळवले. दुसऱ्या भागात एका खलनायकानं त्याला विवरात ढकलून दिलं. गुनुंगकिदुलमध्ये अशी विवरं पावलोपावली आहेत. जमीन अचानक संपते आणि काळोख सुरू होतो. तळ कुणी पाहिलेला नसतो. सुरो गेनीनं पडता पडता एक मूळ पकडलं, मुळाला तडा गेला, "आणि त्या काळोखात..." असं म्हणून दुसरा भाग संपला.

त्याला अकरा वर्षं झाली. जुना प्रकाशक धंदा बंद करून मासे पाळायला गेला. सुरो गेनी मुळाला लटकलेलाच राहिला.

पाक मुर्योनो ज्या ज्या गावात जात, तिथे लोक गाय दाखवायच्या आधी विचारत, "वर येतो का हो तो?" काही वाचक वाट बघता बघता म्हातारे झाले. काही वारले. एका विधवेनं तर त्यांना तोंडावर सुनावलं होतं, "माझा नवरा शेवटच्या दिवशी देवाचं नाव घेण्याऐवजी तुमच्या त्या मिशीवाल्याचं घेत होता. लाज वाटू द्या जरा." त्यांना वाटली. त्या आठवड्यात तिसरा भाग लिहून झाला, रेतनाच्या जुन्या सरकारी फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर. तेव्हापासून त्यांचा उजवा गुडघा हलायला लागला होता, तो आजपर्यंत थांबला नव्हता.

प्रकाशनाच्या मालकीण बू तातिक, म्हणजे तातिकबाई. शाळेची पुस्तकं, प्रार्थनेची पुस्तकं आणि 'टोफूचे शंभर प्रकार' यांवर त्यांचं घर चाले. आवाज इतका मऊ की त्यात बोट रुतावं. त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"काढू की पाक, नक्की काढू," त्या म्हणाल्या. "फक्त पाचशे आगाऊ मागण्या आल्या म्हणजे झालं. पैसे भरलेल्या. रुवाह महिना संपायच्या आत. नंतर रमजानचे उपास लागतात, उपासात कोण कादंबऱ्या घेतं? आणि ही आमची गलुह आहे ना, ती बघेल. सगळं फोनवरच असतं आता."

पाक मुर्योनोंनी गलुहकडे पाहिलं. गलुहनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चाळीस दिवस होते.

गलुह चोवीस वर्षांची होती आणि तिचा ठाम विश्वास होता की जगात विकलं न जाणारं असं काही नसतं, फक्त प्रकाश बरोबर पडावा लागतो. याआधी तिनं एका साबणाला आणि एका भुताच्या वाड्याला गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं. तिनं गोल दिवा आणला, फोन तिपायीवर लावला आणि पाक मुर्योनोंना समजावलं, "हे बघा पाक, थेट प्रक्षेपण आहे. वीस मिनिटं. पहिल्या मिनिटात माणूस खिळला पाहिजे. तुम्ही फक्त विवरात पडण्याचा प्रसंग सांगायचा आणि म्हणायचं, पुढचं हवं असेल तर खाली टोपलीवर बोट ठेवा. बस."

"बस," पाक मुर्योनो म्हणाले. टोपी घातली. घसा साफ केला. आणि सुरुवात केली, "सन्माननीय गावप्रमुख, सन्माननीय वडीलधारी मंडळी, सन्माननीय महिला मंडळ..."

"पाक, इथे गावप्रमुख नाही!" गलुह फोनच्या मागून ओरडली.

"नाही कसा, एखादा असेल. न बोलावता आलेला असला तर उलट जास्त मान द्यावा लागतो."

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात पहिलं नाव उमटलं. कुणीतरी बघायला आलं होतं. आता जावामध्ये गोष्ट सांगत असताना अंगणात पाहुणा आला तर काय करायचं हे पाक मुर्योनोंना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं होतं. ते थांबले, कमरेत किंचित वाकले.

"या, या, 'रिझ्की मोटर पार्ट्स'. बसा. जेवलात का?"

मग दुसरं नाव आलं. "या 'गोड मांजर ९९'. तुम्ही कुणाच्या? लांबून आलात का?"

मग तिसरं. पाक मुर्योनोंचा चेहरा गंभीर झाला. "'एकाकी सरदार', असं नाव का हो ठेवलंत? घरी कुणी नाही का? मग स्वयंपाकाचं कसं करता?"

वीस मिनिटं संपली तेव्हा सुरो गेनी विवराच्या जवळपासही पोहोचला नव्हता. एक्केचाळीस पाहुण्यांचं स्वागत झालं होतं, त्यातल्या सहा जणांना पोटाच्या तक्रारींवर हळद सांगून झाली होती. गलुहनं कपाळ भिंतीला टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोन पाहिला आणि भिंत सोडली. त्या प्रक्षेपणाचा तुकडा कुणीतरी उचलून पसरवला होता. नोकरीपायी सुरबाया, मकासर, कुठे कुठे खोल्या घेऊन एकटी राहणारी पोरं लिहीत होती, आज मला कुणीतरी जेवलास का म्हणून विचारलं. दुसऱ्या प्रक्षेपणाला सहा हजार जण आले. नाव पुकारलं जावं म्हणून लोक बाहेर जाऊन पुन्हा आत येत होते, आणि पाक मुर्योनो दर वेळी तितक्याच अगत्यानं म्हणत होते, "परत आलात? काही विसरलं होतं का?" खाली त्यांना म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणत प्रतिक्रियांचा पूर लोटला होता. हो म्बाह, हवंच पुस्तक! मला दोन! नक्की घेणार म्बाह! गलुहनं मोजल्या. अकराशे चाळीस 'हो'.

"झालं!" ती टेबलावर थापट मारून म्हणाली. "पाचशेच हवे होते!"

पाक मुर्योनोंचा गुडघा हलतच होता. "मागण्या किती आल्या, म्बाक?"

गलुहनं दुसरं पान उघडलं. मग बंद करून पुन्हा उघडलं. "एकोणीस."

"हां," ते म्हणाले, जणू त्यांना एकोणीसच माहीत होते. "चौतीस वर्षं मी दारोदार फिरलो. आमच्याकडे 'हो' म्हणजे दार हळूच लावून घेणं, आवाज न करता. तोंडाकडे बघायचंच नाही. हात कुठे जातो ते बघायचं."

"फोनवर हात दिसत नाहीत, पाक!"

"मग कठीण आहे."

पुढचे दहा दिवस गलुहनं काय काय केलं नाही? मिशी लावून त्यांचा सुरो गेनी केला. खाली गाणं लावलं. त्यांना नाचायला सांगितलं. ते नाचले, पण त्यांचं नाचणं आणि बर्फाची पेटी उचलणं यात प्रेक्षकांना फरक कळेना. हृदयांचा पाऊस पडत होता आणि आकडा एकोणीसचा चौतीस, चौतीसचा बावन्न असा बेडकासारखा दोन उड्या मारून तासन् तास बसून राहत होता. ती दर पाच मिनिटांनी फोन उघडायची. न्हाणीघरात उघडायची, लाल सिग्नलला उघडायची. आणि एक दिवस जेवताना तिच्या लक्षात आलं की तिचाही उजवा गुडघा हलतो आहे.

"चल माझ्याबरोबर," पाक मुर्योनो तिला म्हणाले. "उद्या पोन आहे."

पाच दिवसांच्या आठवड्यातला पोन, म्हणजे त्यांच्याकडे गुरांच्या बाजाराचा दिवस. गलुह शहरातली, तिनं गाय पाहिली होती ती बहुतेक शिजलेली. पहाटे धुक्यात तिला मोटारसायकलवर पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये तिसरा गठ्ठा म्हणून बसवण्यात आलं. बाजारात पोचल्यावर पाक मुर्योनो वेगळेच झाले. शहरात वाकलेला माणूस इथे सरळ झाला. लोक लांबून हाका मारत होते, गुरांच्या सरकारी मदतनिसाला तिकडे मंत्रीच म्हणतात, "पाक मंत्री! आमच्या लाल गाईला दिवस गेले हो!" आणि ते उत्तर देत होते, "माझ्यामुळे नाही, फ्रान्सच्या बैलामुळे!" हा विनोद चौतीस वर्षं चालू असावा, कारण लोक तो संपायच्या आधीच हसत होते.

मग ते एका उलट्या टोपलीवर चढले आणि दुसऱ्या भागाचं शेवटचं पान वाचायला लागले. मोठ्यानं नाही. इतकं हळू की दलालांना भाव थांबवून जवळ यावं लागलं. गुराखी आले, चहावाली आली, दोन बैल आले. सुरो गेनी पडला. मूळ पकडलं. मुळाला तडा गेला. "आणि त्या काळोखात..."

पाक मुर्योनोंनी पुस्तक मिटलं आणि समोरच्या शेतकऱ्याला विचारलं, "तुमच्या वासराचं जंत-औषध झालं का हो?"

"अहो, वासराला मारा गोळी! वर येतो का तो?"

"काळी गाय आता किती दूध देते?"

"चार लिटर. वर येतो का?"

"चारच? मग चाऱ्यात काहीतरी कमी पडतंय," असं म्हणून ते चाऱ्याबद्दल बोलत राहिले, बोलत राहिले, आणि त्यांची नजर मात्र शेतकऱ्याच्या उजव्या हातावर होती. हात आधी मानेवर गेला. मग कमरेच्या पट्ट्यावर. मग खिशात. हात खिशात गेल्याबरोबर पाक मुर्योनोंनी फॉर्मची कोरी पाठ आणि पेन पुढे केलं. "नाव लिहा."

सकाळच्या तीन तासांत चौदा मागण्या झाल्या, सगळ्या पैसे भरलेल्या. गलुहनं सगळं टिपलं. घरी येऊन तिनं फक्त दीड मिनिटाचा तुकडा टाकला. वाचणं, थांबणं, आणि अख्ख्या बाजाराचं "वर येतो का?" नाचाबिचाचं नाव नाही, मागे बैलांचं हंबरणं तेवढं होतं.

तो तुकडा पेटला. लोक कामावर एकमेकांना "वर येतो का?" विचारायला लागले. आता गंमत म्हणजे फोनवरही हात खिशात जायला लागले. शंभर. एकशे ऐंशी. पाक मुर्योनो पोनला एका बाजारात, पाहिंगला, म्हणजे त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या वारी, दुसऱ्या बाजारात, मधल्या दिवसांत लग्नांमध्ये आणि पंगतींमध्ये. गलुह मागे तिपायी घेऊन. दोघांनी मिळून एक पद्धत बसवली. ते थांबायचे, ती दाखवायची. दोनशे नव्वद. तीनशे सत्तर. तिच्या पायाला सायलेन्सरचा चटका बसला, रंग रापला आणि आता कुणी जेवलीस का विचारलं तर ती खरं उत्तर द्यायला शिकली. ते तिला म्बाक म्हणायचे ते सोडून न्दुक म्हणायला लागले. स्वतःच्या मुलीला म्हणतात तसं.

"न्दुक, पाचशे झाले की तू वाच आधी. छापायच्या आधी."

"मला नका सांगू काही, पाक. मीसुद्धा पैसे भरलेत."

रुवाहचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा आकडा चारशे एकोणऐंशी होता. एकवीस माणसं हवी होती. बू तातिक यांच्याच कचेरीत दुपारी शेवटचं प्रक्षेपण ठरलं. तिसऱ्या भागाचं पहिलं पान वाचायचं, एकच पान, आणि थांबायचं. गलुहनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या वर टांगलं: थांबा.

अठरा हजार लोक आले. पाक मुर्योनोंनी आज कुणाचंही नाव न घेता सगळ्यांना एकदम "या, बसा" म्हटलं. ते शिकले होते. पान वाचलं. आवाज बाजारातल्यासारखाच, हळू. पुठ्ठ्याकडे बघून थांबले. गलुहनं बोटांनी दाखवलं, चारशे शहाऐंशी. मग चारशे नव्वद.

तेवढ्यात कोपऱ्यात एक नाव उमटलं. पोनिरा पालियान. पाक मुर्योनो दचकले. ते नाव फोनवरचं बनावट नव्हतं, पालियान गावातल्या खऱ्या बाईचं होतं.

"म्हणजे... म्बाह सोमिजानच्या घरच्या?"

नातीनं लिहून दिलं असावं. अक्षरं एकामागून एक आली. हो पाक. ते बिछान्यावर आहेत. पहिल्या भागाची पहिली प्रत त्यांनीच घेतली होती, आठवतं का? डॉक्टर म्हणतात, उपास संपेपर्यंत राहतील असं नाही. त्यांना एवढंच विचारायचं आहे. तो वर येतो का?

गलुहनं दोन्ही हात हलवले. नाही, नाही, नाही. पुठ्ठ्याकडे बोट केलं.

पाक मुर्योनोंनी ओठ ओले केले. "तुमची... तुमची तांबडी गाय कशी आहे?"

गाय मागच्या वर्षी विकली, पाक. औषधांसाठी.

आता विचारायला गाय उरली नव्हती. अक्षरं थांबली होती. गलुह कुजबुजली, "पाक, मी उद्या स्वतः तुम्हाला घेऊन जाते त्यांच्याकडे. फक्त आत्ता नको. फक्त दहा माणसं राहिलीत."

"पाहुण्यानं घरात येऊन विचारलंय, न्दुक," ते म्हणाले. "उद्या ये म्हणून कसं सांगू?"

आणि त्यांनी सांगितलं. सगळं. चाळीस मिनिटं. फॉर्मांचा गठ्ठा बाजूला ठेवून, हातांनी, डोळ्यांनी, दोनदा खुर्चीवर उभं राहून. सुरो गेनी काळोखात मुळाला धरून राहतो. ओरडून बघतो, मंत्र म्हणून बघतो, मिशीला पीळ देऊन बघतो. दिवस जातात, वर कुणी येत नाही. मग एका रात्री त्याला खालून पाण्याचा आवाज येतो. तो घाबरतो, मूळ आणखी घट्ट धरतो. शेवटी धरण्याची ताकद संपते म्हणून, शहाणपणानं नाही, हात सुटतो. आणि तो पडतो... हातभर. खाली जमिनीच्या पोटातून वाहणारी नदी असते, इतके दिवस तळपायाच्या खाली हातभर. नदी त्याला वाहून नेते, डोंगराच्या आतून, आणि दक्षिणेच्या समुद्रावर एका कोळिणीच्या जाळ्यात सोडते. ती त्याला बघते आणि म्हणते, "जेवलास का?"

आतल्या खोलीतून बू तातिक बाहेर आल्या होत्या. त्या डोळे पुसत होत्या. गलुह रडत होती, रागानं की कशानं ते तिलाही सांगता आलं नसतं. पडदा हृदयांनी भरून गेला होता, अक्षरं दिसेनात. आणि आकडा पळत सुटला. चारशे अठ्ठ्याण्णव. पाचशे चार. पाचशे एकतीस. सहाशे दोन!

पाक मुर्योनोंनी टोपी काढली. तिनं पाहिलं, त्यांचा गुडघा थांबला होता.

मग कोपऱ्यात पुन्हा ते नाव आलं. माफ करा पाक. नदीच्या आधीच त्यांना डोळा लागला. जागे झालेत. परत सांगाल का?

पाक मुर्योनो हसले, हसता हसता त्यांना ठसका लागला. त्यांनी फोन बंद करायला सांगितला आणि त्याच पावली मोटारसायकल काढून पालियानला गेले, परत सांगायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गलुह कचेरीत आली ती मिठाईचा डबा घेऊन. फोन उघडला. कालच्या पळत्या आकड्यात नुसत्या टोपल्याही मोजल्या गेल्या होत्या; भरात येऊन टोपलीत टाकलेल्या पुस्तकांचे पैसे बहुतेकांनी भरलेच नव्हते. गोष्ट कळली होती, झोप छान लागली होती. आधी पैसे भरलेल्यांपैकीही बऱ्याच जणांनी अगदी नम्रपणे लिहिलं होतं: फार आवडलं म्बाह, मन भरलं, आता नाही पाठवलं तरी चालेल, पैसे परत मिळतील का? दुपारपर्यंत पक्क्या मागण्या तीनशे छपन्न उरल्या.

पाक मुर्योनो आले. आज डोंगर नव्हता, नुसताच माणूस होता, हातात फॉर्मांचा गठ्ठा. तिघं बसले. चहा आला. बू तातिक यांनी गठ्ठा दोन्ही हातांनी, मानानं घेतला.

"इतकं सुंदर आहे हो पाक. काल मी रात्रभर तेच मनात घोळवत होते. काढू या. नक्की काढू. उपास होऊ देत, ईद होऊ दे, जरा बघू."

"हो, बू," पाक मुर्योनो म्हणाले. "आभारी आहे."

गलुहचं त्यांच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती बू तातिक यांच्या हाताकडे बघत होती. हात आधी टेबलावरून सरकला. मग खालच्या कप्प्याकडे गेला, जिथे जुनी कॅलेंडरं आणि न लागणाऱ्या पंख्याची हमीपत्रं होती. कप्पा उघडला, गठ्ठा आत गेला, कप्पा हळूच, आवाज न करता बंद झाला.

तिनं पाक मुर्योनोंकडे पाहिलं. तेही हाताकडेच बघत होते. त्यांनी चहा संपवला, बशीत कप ठेवला, आणि बू तातिक यांना त्यांच्या आईच्या सांधेदुखीबद्दल विचारलं. टेबलाखाली त्यांचा गुडघा पुन्हा हलायला लागला होता.

त्या चाळीस मिनिटांचं प्रक्षेपण आजपर्यंत अकरा लाख लोकांनी पाहिलं आहे. म्बाह सोमिजान ईदनंतर बरे होऊन पुन्हा गुरांच्या बाजारात यायला लागले. 'विवराचा राखणदार', भाग तिसरा, छापला गेला नाही.